लॅपटॉपची रॅम घरी वाढवताय? या चुका टाळा

रॅम बसवायला दोन मिनिटं पुरतात. मोडतोड होते ती तिच्यापर्यंत पोचताना.

एक चूक तर लॅपटॉप उघडण्याआधीच होते: प्रकार न बघता रॅम विकत घेणं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘फॉर्म फॅक्टर’ बघा. तिथे ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं, तर रॅम बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणजे ती काढून बदलता येत नाही. रॅमच्या पिढ्याही वेगळ्या: डीडीआर४ला २६० पिना, डीडीआर५ला २६२, आणि खाचही वेगळ्या जागी. त्यामुळे सांगलीच्या बाजारात रॅम घ्यायला जाताना रॅमची जुनी पट्टी किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत न्या.

कव्हर एखाद्या जागी अडलं, तर तिथे स्क्रू राहिलाय असं समजा. रबराच्या पायांखाली बघा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला, की वरच्या बाजूला फुगवटा येतो. म्हणून पुठ्ठ्यावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. कडेने चाकू नको, जुनं एटीएम कार्ड फिरवा.

कव्हर निघालं की आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. वायर ओढू नका, प्लगच्या दोन्ही कडा नखाने सरकवा. मग पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा.

सगळ्यात जास्त नुकसान कीबोर्ड-टचपॅडच्या चपट्या केबलींचं होतं. काही मॉडेलमध्ये कीबोर्डच वर निघतो आणि या केबली त्याखाली असतात. कीबोर्ड दोन बोटांएवढाच उचलून आधी आत डोकावा. कनेक्टरवरची बारीक पट्टी हेच त्याचं कुलूप. काही पट्ट्या नखाने उभ्या होतात, काही दोन्ही टोकांनी जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर सरकतात. प्रकार ओळखल्याशिवाय हात लावू नका, कारण ही पट्टी तुटली तर सुटी मिळणं कठीण. मग कनेक्टरच बदलावा लागतो. केबल परत घालताना तिच्यावरची आडवी रेघ कनेक्टरच्या कडेला समांतर हवी. तिरकी बसली की काही बटणं चालत नाहीत किंवा टचपॅड मरतो, आणि दोष मात्र नव्या रॅमवर येतो!

साताऱ्याच्या थंडीत हवा कोरडी असते. लोकरी स्वेटर काढा, खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावा, मगच रॅम कडांनी धरा. दोन्ही क्लिपा बाहेर ढकलल्या की जुनी पट्टी आपोआप तिरकी उठते. नवी त्याच कोनात, सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत आत सारा आणि खाली दाबा. दोन्ही क्लिपांचा ‘टक्’ आवाज यायला हवा.

स्क्रीन काळीच राहिली तर डीडीआर५ला काही मिनिटं द्या, पहिल्यांदा चालू होताना तिला वेळ लागतो. तरीही काही दिसलं नाही, तर बॅटरी पुन्हा काढून एकेक पट्टी स्वतंत्र लावून बघा. निम्मीच मेमरी दिसत असेल, तर बहुधा एक पट्टी पूर्ण आत गेलेली नाही.