उतरत्या पावसातली अळंबी: या चुका टाळा

श्रावण सरला की गगनबावडा, राधानगरी, आजरा भागात अळंबीचा भर ओसरतो. मध्येच जोराची सर येऊन गेली तर उशिराची काही हाती लागतेही. पण टोपली रिकामी असली की माणूस दिसेल ते पांढरं उचलतो, आणि घात तिथंच होतो.

वारुळावरची अळंबी ओळखायची ती मुळीवरून. वाळवी जमिनीखाली या बुरशीची शेती करते, त्यामुळे देठाखालून लांब मुळी थेट वारुळात उतरलेली असते. टोपीच्या मधोमध बहुधा टोकदार उंचवटा असतो. घाईनं उपटली तर मुळी आत तुटते आणि खूणच हातची जाते. एखादी तरी काठीनं माती सैल करून अलगद काढा. वारूळ मात्र खणू नका, पुढच्या वर्षीची अळंबी तिथूनच येणार आहे.

सगळ्यात फसवी म्हणजे माळावर, गवतात उगवणारी मोठी पांढरी छत्री. टोपीवर तपकिरी खवले, देठावर कडं, खाली मुळी नाही. कोवळी असताना तिच्या खालच्या पाकळ्याही पांढऱ्याच असतात, नंतर त्या हिरवट होतात. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. शंका असेल तर टोपी पांढऱ्या कागदावर रात्रभर पालथी ठेवा. हिरवट भुकटी पडली तर फेकून द्या. ही खाल्ली तर काही तासांतच उलट्या-जुलाब सुरू होतात.

देठाच्या बुडाशी पिशवीसारखी वाटी असेल तर ती घरीसुद्धा आणू नका. अशा काही जाती यकृत निकामी करतात. त्रास 6 ते 24 तासांनी सुरू होतो, मध्येच बरंही वाटतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. शिजवून हे विष जात नाही. लसूण काळा पडतो का, चांदीचं नाणं काळवंडतं का, किड्यांनी खाल्लीय का, या परीक्षा साफ खोट्या आहेत. त्यांच्या भरवशावर पोराबाळांना वाढू नका.

उसाच्या बांधावर तणनाशक किंवा वाळवीचं औषध पडलं असेल तर खरी अळंबीही नको. कडा फाटलेली, आत अळ्या झालेली तिथंच सोडा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजून कुजते. टोपलीत आणा, त्याच दिवशी नीट शिजवा. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत तर काही गोळाच करू नका.

खाल्ल्यावर पोट बिघडलं तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा, आणि उरलेली अळंबी, कच्ची असो वा शिजलेली, डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.