व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर बसवताना : शांत पडद्यावर विसंबू नका, या चुका टाळा

मॉनिटरच्या पडद्यावरची रेघ सपाट आहे, म्हणजे स्वरयंत्राची नस सुखरूप आहे, असं धरून चालणं ही या ऑपरेशनमधली सगळ्यात महागात पडणारी चूक. जळगाव-धुळ्याकडची किती तरी घरं फिट्सच्या पेशंटला घेऊन रात्रीच्या रेल्वेने मुंबई-पुणे गाठतात. औषधांनी फिट्स थांबत नाहीत म्हणून गळ्यातल्या व्हेगस नसेला विजेचं हलकं उत्तेजन देणारं हे यंत्र बसवायचं, आणि त्यात आवाज गेला तर? म्हणून भूल देणाऱ्या नि मॉनिटरिंग सांभाळणाऱ्या तरुण मित्रांसाठी हे लिहितोय.

डाव्या व्हेगसमधूनच स्वरयंत्राची नस निघते. ती छातीत महाधमनीच्या कमानीखालून वळसा घालून पुन्हा गळ्यात येते. श्वासनलिकेत घातलेल्या नळीवरचे इलेक्ट्रोड स्वररज्जूंना टेकलेले असले, तरच या नसेचे संकेत पडद्यावर उमटतात. मान वळवून पोझिशन दिली की नळी सरकते किंवा फिरते, आणि हे तपासायचंच राहून जातं. पोझिशन दिल्यावर लॅरिंगोस्कोपने (स्वरयंत्र बघायच्या उपकरणाने) पुन्हा बघा. नळीला लिग्नोकेनची बधिर करणारी जेली लावू नका, लाळ साचू देऊ नका.

पडदा फसवा शांत राहण्याचं दुसरं कारण भुलेच्या औषधात असतं. नळी घालताना दिलेल्या रोक्युरोनियमचा (स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा) असर शिल्लक असेल, तर स्नायू उत्तर देणारच नाही. ट्रेन-ऑफ-फोर (हा असर किती उरलाय ते दाखवणारी चाचणी) बघा, गरज पडल्यास असर उतरवणारं सुगामाडेक्स द्या. मी एका थिएटरमध्ये बराच वेळ यंत्राच्या वायरी बदलत बसलो होतो. दोष औषधाचा होता, हे कळायला उशीर झाला. त्या दिवसापासून नस मोकळी होताच सर्जनला आधी प्रोबने (हलकं विजेचं उत्तेजन देणाऱ्या सळीने) टोचून स्वररज्जूंचं उत्तर घ्यायला सांगतो. उत्तर आलं, तरच नंतरच्या शांततेला अर्थ.

याच टोचण्याने आणखी एक घोटाळा टळतो. अन्सा सर्व्हायकॅलिसला (गळ्यापुढच्या स्नायूंकडे जाणाऱ्या शेजारच्या नसेला) व्हेगस समजून यंत्राचं कॉइल गुंडाळलं जाऊ शकतं, लहान मुलांत जास्तच. गळ्यापुढचे स्नायू फडफडले पण स्वररज्जूंकडून काहीच आलं नाही, तर थांबा. व्हेगस सहसा कॅरोटिड धमनी आणि जुग्युलर शिरेच्या मध्ये, थोडी मागे सापडते.

लीड (बॅटरीपासून नसेपर्यंतची वायर) टेस्ट करताना इंपीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, जास्त आला की लगेच नवी लीड मागू नका. बहुतेकदा पिन बॅटरीच्या खोबणीत पूर्ण गेलेली नसते, किंवा नस कोरडी पडलेली असते. उन्हाळ्यात जोरात एसी लावलेल्या थिएटरमध्ये हे विसरू नका. सलाइनने भिजवा, पिन पुन्हा बसवा, मग परत टेस्ट करा. पण टेस्टचं बटण भूलतज्ज्ञाला न सांगता कधीही दाबू नका. क्वचित हृदयाचे ठोके अगदी मंदावतात, थांबतातही. ठोके वाढवणारं ॲट्रोपिन भरून हाताशी असावं, आणि असं झालं तर उत्तेजन ताबडतोब बंद करावं.

कॉटरी (रक्तस्राव थांबवणारं विजेचं उपकरण) चालू असताना दिसणाऱ्या लाटांवरून काही ठरवू नका. हे ओघाने सांगतो.

ऑपरेशनआधी स्वररज्जू न तपासणं मात्र मला अजिबात पटत नाही. यंत्र चालू झाल्यावर उत्तेजनाच्या वेळी आवाज घोगरा होणं अपेक्षित असतं. यंत्र सहसा दोनेक आठवड्यांनी चालू करतात; त्याआधीच आवाज बसला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. रावेर-सावद्याकडे केळीचा भाव पुकारणाऱ्या माणसाचं पोट आवाजावर असतं. अशा पेशंटला आदल्या दिवशी मोबाइलवर दोन मिनिटं बोलायला लावा, आणि नंतरच्या आवाजाशी ताडून बघायला ते रेकॉर्डिंग घरच्यांजवळ ठेवा.