वास्तववाद शिकायला घेतलात, तर सुरुवात कुठून करावी

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेतला की वास्तववादाशी पहिल्या काही तासांतच गाठ पडते, आणि तीही चार वाक्यांत. राज्य हा मुख्य घटक. राज्यांच्या वर कोणतीही सत्ता नाही. प्रत्येक राज्य आपलं हित पाहतं. आणि ते हित शेवटी सत्तेच्या भाषेत मोजलं जातं. ही वाक्यं चटकन पाठ होतात, परीक्षेतही उतरवता येतात. पण एवढ्याच भांडवलावर पुढे गेलेले विद्यार्थी दुसऱ्या वर्षी अडतात, असं मी शिकवताना वारंवार पाहतो. कुठलीही घटना समोर ठेवली की त्यांचं उत्तर तयार असतं: राष्ट्रहित. कोणाचं हित, कशावरून ठरलं, दुसरा पर्याय होता का, हे विचारलं की गप्प. म्हणून व्याख्या थोडा वेळ बाजूला ठेवा आणि मूळ लेखनातला एखादा तुकडा सावकाश वाचा.

मी सगळ्यांना थ्युसिडिडीस या प्राचीन ग्रीक इतिहासकारापासून सुरुवात करायला सांगतो. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या त्याच्या इतिहासात पाचव्या भागाच्या शेवटी मेलोसचा संवाद आहे. इ.स.पू. 416 मध्ये अथेन्सचं आरमार मेलोस या छोट्या तटस्थ बेटावर येतं आणि शरण यायला सांगतं. यातलं एकच वाक्य सगळीकडे उद्धृत होतं: बलवान जमेल ते करतो आणि दुबळा सोसायचं ते सोसतो. त्या वाक्यावर थांबू नका, संवाद पुरा वाचा. मेलोसचे लोक नुसती न्यायाची याचना करत नाहीत, ते हिताच्याच भाषेत वाद घालतात. तटस्थांवर हल्ला केलात तर उरलेले सगळे तटस्थ तुमचे शत्रू होतील, असं ते बजावतात. अथेन्सचं उत्तर असं, की तुमचं वैर आम्हाला तितकं जड जाणार नाही. तुमची मैत्री आमच्या अंकित प्रजेला आमचा दुबळेपणा वाटेल. पुढे वेढा पडतो, बेट पडतं, पुरुषांना ठार करतात, बायकामुलांना गुलाम म्हणून विकतात. आणि पान उलटलं की सहाव्या भागात अथेन्स सिसिलीच्या स्वारीवर निघतं. इ.स.पू. 413 पर्यंत ती संपूर्ण फौज नष्ट होते. थ्युसिडिडीस स्वतः अथेन्सचा सेनानी होता, अँफिपोलिस हे शहर हातचं गेल्यावर हद्दपार झालेला. त्याने हे दोन प्रसंग एकमेकांना लागून मांडले आहेत. सत्तेची महती गाणाऱ्याची ही मांडणी नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

विसाव्या शतकातल्या वास्तववादाचा पाया घालणाऱ्या ई. एच. कार यांचं 1939 चं ‘द ट्वेंटी इयर्स क्रायसिस’ आणि हान्स मॉर्गेनथाऊ यांचं 1948 चं ‘पॉलिटिक्स अमंग नेशन्स’ अभ्यासक्रमात असतंच, त्यामुळे त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. मॉर्गेनथाऊंनी मांडलेल्या वास्तववादाच्या सहा तत्त्वांपैकी चौथं आणि पाचवं मात्र घाईने ओलांडू नका. चौथ्यात विवेकाला राजकारणातला सर्वोच्च सद्गुण म्हटलं आहे; पाचव्यात कोणत्याही एका राष्ट्राच्या नैतिक आकांक्षा म्हणजेच विश्वाचा नैतिक नियम, हे मानायला नकार आहे. ही दोन वाचली की मॉर्गेनथाऊंनी व्हिएतनाम युद्धाला जाहीर विरोध का केला ते उमगतं. सप्टेंबर 2002 मध्ये 33 अभ्यासकांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहिरात देऊन इराकवरचं युद्ध अमेरिकेच्या हिताचं नाही असं सांगितलं. त्यांत केनेथ वॉल्ट्झ, जॉन मिअरशायमर आणि स्टीफन वॉल्ट हे वास्तववादातले तीन मोठे अभ्यासक होते. वास्तववादी म्हणजे युद्धाचा पुरस्कर्ता, ही समजूत घेऊन आलेल्यांना मी या दोन गोष्टी आधी सांगतो.

वॉल्ट्झचं 1979 चं ‘थिअरी ऑफ इंटरनॅशनल पॉलिटिक्स’ नव्या वाचकाला दमवतं. पहिल्या प्रकरणात विज्ञानातला नियम आणि सिद्धांत यांतला फरक सांगितला आहे, आणि बरेच जण तिथेच पुस्तक मिटतात. माझा सल्ला असा: पाचवं आणि सहावं प्रकरण आधी वाचा, मग पहिल्याकडे या. पाचव्यात रचना म्हणजे काय ते येतं: वर सत्ता नसणं, सगळ्या राज्यांना साधारण तीच कामं करावी लागणं, आणि फरक पडतो तो त्यांच्यातल्या क्षमतेच्या वाटणीत. सहाव्यात यातूनच सत्तासंतुलन कसं निघतं ते. मॉर्गेनथाऊंकडे सत्तेची ओढ माणसाच्या स्वभावात असते. वॉल्ट्झला स्वभावाची गरजच पडत नाही. सज्जन नेत्यांचं जगही याच रचनेत संशयाने वागेल. हा फरक मनात पक्का बसला की अर्धा वास्तववाद हाती आला म्हणून समजा. आपला सिद्धांत आंतरराष्ट्रीय राजकारणाचा आहे, एखाद्या देशाच्या परराष्ट्र धोरणाचा नव्हे, असं वॉल्ट्झ वारंवार बजावत. अमुक देशाने अमुक दिवशी अमुक निर्णय का घेतला, हे त्यांना विचारायला जाऊ नका.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तलं मंडल इथे हमखास आठवतं: शेजारी तो अरी, त्याच्या पलीकडचा तो मित्र. जरूर वाचा, पण त्याच्या मध्यभागी विजयाची इच्छा धरणारा राजा, म्हणजे विजिगीषू आहे, आणि ग्रंथ त्या राजाला उपदेश करतो. वॉल्ट्झ कोणालाच उपदेश करत नाहीत.

आता माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा भाग, सुरक्षेचा पेच. जॉन हर्झ यांनी 1950 मध्ये तो मांडला, रॉबर्ट जर्विस यांनी 1978 मध्ये त्याला धार दिली. मी स्वतःच्या रक्षणासाठी शस्त्र घेतो, ते पाहून तुम्ही धास्तावता आणि तुम्हीही घेता, मग मी आणखी घेतो. शेवटी दोघेही आधीपेक्षा कमी सुरक्षित. तत्त्व सोपं आहे, पण ते कागदपत्रांत पाहिलं पाहिजे. जर्मनीने 1898 आणि 1900 मध्ये आरमार वाढवायचे कायदे केले, ब्रिटनने 1906 मध्ये ड्रेडनॉट ही युद्धनौका बाहेर काढली आणि चढाओढ पेटली. 1 जानेवारी 1907 ला ब्रिटिश परराष्ट्र कार्यालयातल्या आयर क्रो यांनी एक लांबलचक टिपण लिहिलं. त्याचा गाभा असा, की जर्मनी जाणूनबुजून वर्चस्वाच्या मागे लागला आहे की त्याची वाढ आपसूक होते आहे, याने ब्रिटनच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. धोका दोन्हीकडे तोच. त्यावर निवृत्त अधिकारी टॉमस सँडरसन यांनी उत्तर लिहिलं. जर्मनीच्या वागण्याचे साधे खुलासे त्यांनी दिले आणि म्हटलं, की आपली वृत्तपत्रं वाचणाऱ्या परक्याला आपलं साम्राज्य जगभर पसरलेल्या एखाद्या राक्षसासारखं दिसत असेल, ज्याच्या हातापायांची दुखरी बोटं सगळीकडे पसरली आहेत आणि कोणी जवळ आलं की तो किंचाळतो.

ही दोन टिपणं शेजारी ठेवून वाचण्याइतका चांगला सराव मला अजून सापडलेला नाही. घटना त्याच, कार्यालय तेच, आणि निष्कर्ष उलटे. क्रो क्षमतेकडे पाहतात, सँडरसन समोरच्याच्या जागी जाऊन बसतात. आक्रमक आणि बचावात्मक वास्तववाद यांतला वाद पुढे पुस्तकात येतो, तेव्हा तो या दोघांमुळे ओळखीचा वाटतो. मिअरशायमर म्हणतात की हेतूची खात्री कधीच देता येत नाही, म्हणून मोठी राज्यं जमेल तितकी सत्ता मिळवतात. बचावात्मक बाजू म्हणते की फार सत्ता मिळवली तर बाकीचे एकवटतात, म्हणून पुरेशी सुरक्षा मिळाली की थांबणं शहाणपणाचं.

सिद्धांताला प्रश्न विचारायची सवयही सुरुवातीपासून लावा. शीतयुद्ध संपल्यावर, 1993 मध्ये, नाटोचे दिवस नसले तरी वर्षं भरत आली आहेत अशा अर्थाचं वॉल्ट्झ यांनी लिहिलं होतं. समान शत्रू गेला की युती विरते, हा तर्क सरळ होता. तेव्हा नाटोचे सभासद 16 होते, 2024 मध्ये स्वीडन आल्यावर 32 झाले. याचा अर्थ सिद्धांत फसला का? युती टिकली ती अमेरिकेच्या सत्तेमुळे, असं एक वास्तववादी उत्तर आहे. रॉबर्ट कोहेन यांच्यासारखे अभ्यासक संस्थांच्या स्वतःच्या बळाकडे बोट दाखवतात. दोन्ही उत्तरं स्वतः लिहून पाहा आणि प्रत्येकाखाली एक ओळ टाका: काय घडलं असतं तर हे उत्तर चूक ठरलं असतं? ती ओळ सुचत नसेल तर तुमचं उत्तर अजून कच्चं आहे. धोरणसंस्थेत, पत्रकारितेत किंवा संशोधनात जायचं असेल तर ही सवय तुम्हाला पदवीपेक्षा जास्त उपयोगी पडेल, कारण तिथे घटना घडून गेल्यावर राष्ट्रहिताचं लेबल लावणारे पुष्कळ असतात.

विरोधकांमध्ये सगळ्यात आधी अलेक्झांडर वेंट वाचा, कारण ते वॉल्ट्झच्याच मैदानात उतरतात. ब्रिटनची 500 अण्वस्त्रं अमेरिकेला उत्तर कोरियाच्या पाचांहून कमी धोक्याची वाटतात, मग नुसती क्षमता मोजून काय कळतं, असा त्यांचा सवाल आहे. आता स्टीफन वॉल्टचं 1987 चं युतीवरचं काम काढा. राज्यं सत्तेविरुद्ध नव्हे तर धोक्याविरुद्ध एकवटतात, आणि धोका ठरतो तो एकूण ताकद, भौगोलिक जवळीक, आक्रमणाची क्षमता आणि हेतू यांवरून, असं त्यात म्हटलं आहे. वेंटच्या सवालाला वॉल्ट काय उत्तर देतील ते दोन पानांत लिहा. मग तिसऱ्या पानावर वेंटचं प्रत्युत्तर लिहा: हेतू हिशेबात धरलात, तर तुम्ही वॉल्ट्झच्या रचनेत किती उरलात?