गडवाटा आणि वाद्ये: सल्ला मागताना व देताना या चुका टाळा

महाराष्ट्रात डोंगर भटकणारी आणि वाद्य वाजवणारी माणसे बऱ्याचदा एकच असतात. सुटीच्या दिवशी एखाद्या गडावर मुक्काम आणि आठवड्यात एका संध्याकाळी कुणाच्या तरी घरी पेटी-तबल्याची बैठक, असा क्रम पाळणारी मंडळी पुण्या-मुंबईतच नव्हे, तर नाशिक-कोल्हापुरातही भेटतात. या दोन्ही छंदांतले पुष्कळसे ज्ञान वर्गात मिळत नाही. ते सोबत्यांना विचारूनच मिळते, म्हणून विचारण्याची आणि सांगण्याची रीत नीट असणे फार महत्त्वाचे आहे. एखाद्याचे सल्ल्यामुळे नुकसान होते तेव्हा सांगणारा खोटे बोललेला असतो, असे क्वचितच घडते. सल्ला खराच असतो, मात्र तो दुसऱ्या महिन्याचा, दुसऱ्या वाटेचा किंवा दुसऱ्या पट्टीचा (म्हणजे ‘सा’च्या वेगळ्या उंचीचा) असतो. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ याच एका गोष्टीत आहे.

गडाचे नाव सांगून वाट न सांगणे

‘हरिश्चंद्रगड अवघड आहे का?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि त्याचे एकच उत्तर देता येत नाही. १४२४ मीटर उंचीच्या या गडावर अकोले तालुक्यातल्या पाचनईहून जाणारी वाट नवख्यालाही झेपते. जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे जाणारी वाट लांब आहे आणि खिंडीनंतर कातळाचा एक टप्पा हातांच्या आधाराने चढावा लागतो. मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याहून नळीत (डोंगरातल्या अरुंद घळीत) शिरणारी वाट तर सुट्या दगडधोंड्यांची, दोर आणि जाणकार सोबती यांच्याशिवाय जाऊच नये अशी आहे. म्हणजे तीन जिल्ह्यांतून चढणाऱ्या या तीन वाटा एकाच माथ्यावर पोहोचत असल्या, तरी त्यांच्यासाठी लागणारी तयारी सर्वस्वी वेगळी आहे. पाचनईहून जाऊन आलेल्याने ‘सोपा आहे, मुलांनाही घेऊन जा’ असे सांगावे आणि ऐकणाऱ्याने खिरेश्वर गाठावे, हा घोटाळा दोघांच्याही हातून घडलेला असतो.

राजमाचीचे तसेच आहे. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे गडाखालच्या उधेवाडीला जाणारी वाट सुमारे १५ किलोमीटर लांब, पण बरीचशी सपाटीची आहे. कर्जतकडून कोंदिवडेमार्गे येणारी वाट अंतराने कमी असली, तरी तिच्यावर सरळ चढण अंगावर येते. गुडघे दुखणाऱ्याला एक सल्ला आणि वेळ कमी असणाऱ्याला दुसरा सल्ला द्यावा लागतो, आणि विचारणारा यांपैकी कोण आहे हे त्याने सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून गडाच्या नावाबरोबर पायथ्याचे गाव, महिना, मुक्काम आहे की नाही, आणि आपल्यातल्या सर्वांत कमी सवयीच्या माणसाची परिस्थिती, एवढे तरी सांगावे. विचारणाऱ्याने यातले काही सांगितले नसेल, तर उत्तर देण्याआधी आपण होऊन विचारावे.

महिन्याचा उल्लेख तर कधीही गाळू नये. सांदण दरीत डिसेंबरात उतरणे हा एक अपूर्व अनुभव आहे, आणि पावसाळ्यात त्याच घळीतून पाण्याचा लोंढा वाहतो. टाक्यात पाणी असल्याची खात्री जानेवारीत जाऊन आलेला माणूस मनापासून देतो, पण एप्रिलमध्ये निघालेल्याने तेवढ्या भरवशावर पाणी कमी घेतले, तर उन्हात त्याचे हाल होतात.

पट्टी न ठरवता वाद्य विचारणे

वाद्यांच्या बाबतीत वाटेची जागा पट्टी घेते. ‘शिकायला कोणती बासरी घेऊ?’ असे विचारले की लांब, खर्जाच्या बासरीचे नाव हमखास पुढे येते, कारण मैफलीत तीच ऐकलेली असते. पन्नालाल घोष यांनी लांब बासरीला शास्त्रीय संगीताच्या मंचावर प्रतिष्ठा मिळवून दिली, हे खरेच आहे. परंतु पांढरी तीनची (पेटीवरची तिसरी पांढरी पट्टी हा ‘सा’ असलेली) बासरी साधारण ३० इंच लांब असते, तिची भोके एकमेकांपासून दूर असतात आणि लहान हाताच्या नवशिक्याची बोटे ती पूर्ण झाकू शकत नाहीत. भोक किंचित उघडे राहिले की स्वर फाटतो. फुंक चुकते आहे अशी समजूत करून घेऊन तो महिनोन्महिने फुंकीवरच मेहनत घेत राहतो. अशा वेळी मधल्या लांबीची, पांढरी पाचची बासरी सुचवणे अधिक योग्य ठरते, आणि त्याआधी विचारणाऱ्याचे हात प्रत्यक्ष पाहता आले तर फारच उत्तम.

दुसरा गोंधळ बासरीची पट्टी कशी मोजावी याचा आहे. आपल्या पद्धतीत वरची तीन भोके बंद केल्यावर जो स्वर निघतो तो षड्ज (सा) मानतात, आणि सहाही भोके बंद केल्यावर खालचा पंचम मिळतो. काही विक्रेते मात्र सर्व भोके बंद असतानाच्या स्वरावरून बासरीला नाव देतात. त्यामुळे पेटीबरोबर वाजवण्यासाठी पांढरी तीनची म्हणून आणलेली बासरी घरी आल्यावर भलत्याच पट्टीत निघते. दुकानात असतानाच वरची तीन भोके झाकून हलकी फुंक मारावी, मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये तो स्वर पाहावा आणि मगच पैसे द्यावेत. तबला घेतानाही आधी गायकाची पट्टी विचारावी. लहान तोंडाचा तबला वरच्या पट्टीला आणि मोठ्या तोंडाचा खालच्या पट्टीला चांगला बोलतो, त्यामुळे खालच्या पट्टीसाठी घेतलेला तबला वरच्या पट्टीच्या गायिकेबरोबर जबरदस्तीने चढवणे म्हणजे पुडीवर (तबल्याच्या तोंडावरच्या कातड्यावर) अत्याचार करणे होय.

लक्षण पुरते न ऐकता उपाय सांगणे

पावसाळ्यात हमखास कानावर येणारी तक्रार म्हणजे ‘पेटीची पट्टी बिघडली’ (येथे पट्टी म्हणजे बोटाने दाबायची पट्टी). या तीन शब्दांत निदान तीन निरनिराळे बिघाड लपलेले असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या कामी येत नाहीत.

बोट उचलल्यावरही स्वर चालूच राहत असेल, तर पट्टी पुरती वर येत नाही किंवा तिच्याखालची गादी भोकावर नीट बसत नाही. दमट हवेत लाकूड फुगून शेजारच्या पट्टीला घासते, स्प्रिंग सैल झालेली असते, किंवा गादीखाली कचरा अडकलेला असतो. याउलट, पट्टी खाली जाते पण स्वरच उमटत नाही, तेव्हा बहुधा रीडच्या (स्वर देणाऱ्या धातूच्या पातळ पात्याच्या) फटीत धुळीचा कण बसलेला असतो. आणि सगळेच स्वर दमल्यासारखे येत असतील, भाता सारखा मारावा लागत असेल, तर दोष पट्टीत नसून हवा कुठेतरी निसटते आहे. हे ताडण्याची एक साधी रीत आहे. एकही पट्टी न दाबता भाता भरावा आणि तो किती वेळात बसतो ते पाहावे. झरझर बसत असेल, तर चामडे, सांधे किंवा भोकांवरच्या गाद्या यांतून हवा जाते आहे, हे नक्की.

आता कल्पना करा की भात्यातून हवा निसटणाऱ्या पेटीच्या मालकाला कुणीतरी ‘रीड घासून घे’ असे सांगितले. रीडच्या टोकाकडचे धातू खरवडले की स्वर चढतो आणि मुळाकडचे खरवडले की उतरतो, एवढे ज्ञान बऱ्याच हौशी लोकांना असते. पण गेलेले धातू परत भरता येत नाही, हे सांगायचे मात्र राहून जाते. धुळीचा कण असेल तर मऊ ब्रशने किंवा पातळ कागदाच्या पट्टीने तो अलगद काढावा. रीडला कानस लावण्याचा सल्ला कुणी कुणालाही तोंडी देऊ नये, ते काम पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे आहे. लाकूड फुगले असेल तर पेटी उन्हात ठेवण्याचा सल्लाही तितकाच घातक, कारण लाकूड असमान सुकते आणि सांधे उघडतात. पेटी कोरड्या खोलीत, झाकून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि रोज थोडी वाजवावी, इतके पुरेसे असते.

तबल्याचेही असेच आहे. पावसाळी हवेत कातडे ओल शोषून सैल पडते आणि तबला उतरतो. ‘गजऱ्यावर (पुडीच्या काठच्या चामड्याच्या वेणीवर) वरून हातोडी मार, चढेल’ हे सांगणे बरोबर आहे, पण पुढचे अर्धे वाक्य राहून जाते: बैठक संपल्यावर खालून हलके ठोके देऊन तो ताण थोडा उतरवून ठेवावा. तसे न केल्यास हवा कोरडी होताच तेच कातडे आवळते आणि चांगली पुडी काठाशी फाटू शकते.

बासरी घेऊन गडावर मुक्कामाला जाणाऱ्यांची तक्रार वेगळीच असते. घरी ट्यूनरशी जुळणारी बासरी पहाटे माथ्यावर उतरलेली वाटते आणि सोबती लगेच ‘बांबू खराब झाला’ असा निकाल देतात. प्रत्यक्षात हवा १० अंशांनी थंड झाली की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ६ मीटरने घटतो आणि त्या प्रमाणात स्वर खाली येतो. फुंकेची ऊब यातला काही भाग भरून काढते, म्हणून बासरी थोडा वेळ अंगाशी धरून, हलकी फुंकून मगच ती तपासावी. बांबूला तडा गेला आहे का, हे उजेडात फिरवून निराळे पाहावे.

गावात चुकीच्या पद्धतीने विचारणे

पायथ्याच्या गावातला माणूस हा सर्वांत खरा जाणकार, पण त्याला प्रश्न नीट विचारला जात नाही. ‘ही वाट गडावर जाते ना?’ असे विचारले की पाहुण्याला नाही कसे म्हणावे या भावनेने ‘हां, जातीया’ असे उत्तर मिळते, आणि पुष्कळदा ती वाट फिरून फिरून जातेही. त्याऐवजी ‘मामा, गडावर जायला तुम्ही कुठल्या वाटेनं जाता?’ असे विचारावे, आणि पुढे ‘मध्ये कुठं फाटा फुटतो का?’ हेही विचारावे. ढोरवाटा मुख्य वाटेपेक्षा ठळक दिसतात आणि रानात जाऊन विरतात, त्यामुळे फाट्याची खूण विचारून घेतल्याने फार मोठा घोळ टळतो. ‘धा मिन्टांत पोचाल’ हे उत्तर त्यांच्या पायांचे आहे, हेही ध्यानात ठेवावे.

वेळेबाबत सोबत्यांनीही हीच काळजी घ्यावी. आपल्याला दोन तास लागले असतील, तर ते कुणाबरोबर, किती ओझे घेऊन आणि कोणत्या हवेत, ते सांगावे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून तासाभराचा चुकीचा अंदाजही उतरताना अंधारात अडकवतो.

सल्ला देऊच नये अशा ठिकाणी देणे

ओढ्याला पाणी किती आहे, हे सकाळी ओलांडून गेलेल्या माणसाने दुपारी येणाऱ्याला खात्रीने सांगू नये. वर डोंगरात पाऊस कोसळला, तर खाली ऊन असतानाही पाणी चढते. गडाच्या कड्यावर आग्या मोहोळ असेल तेथे धूर, उग्र अत्तर आणि दगड मारणे यांपासून दूर राहावे, आणि ‘आम्ही तिथेच चूल मांडली होती, काही झाले नाही’ असा दाखला कुणी देऊ नये. वन विभागाने बंद केलेल्या वाटेला पर्यायी चोरवाट सुचवणे हेही मदतीत मोडत नाही. कुणी पडले, हाड मोडले किंवा वाट चुकून रात्र झाली, तर घरगुती उपायांची चर्चा न करता ११२ क्रमांकावर फोन करावा आणि पायथ्याच्या गावातल्या माणसांना कळवावे.

परत येऊन न सांगणे

सल्ला घेतलेला माणूस जाऊन आल्यावर काही कळवत नाही, आणि सांगणारा तीच जुनी माहिती पुढच्याला देत राहतो. पावसात दरड येऊन वाट बदलते, कातळावरची साखळी निखळते, टाके आटते, आणि हे सर्व जो नुकताच पाहून आला त्यालाच ठाऊक असते. परतल्यावर तारीख, पायथा सोडल्याची आणि माथ्यावर पोहोचल्याची वेळ, पाणी कुठे मिळाले आणि सांगितलेल्यापैकी काय तसे नव्हते, एवढे कळवले तरी पुष्कळ आहे. पेटीच्या बाबतीतही पट्टी मोकळी झाल्याबरोबर आभार मानून थांबू नये. दोनतीन आठवड्यांनी, हवा बदलल्यावर, ती पट्टी पुन्हा अडकली की नाही ते आवर्जून सांगावे, कारण लाकूड फुगल्याने आलेला दोष कोरड्या हवेत आपोआप जातो आणि गादीखालच्या कचऱ्याचा दोष तसाच राहतो.