स्ट्रक्चर्ड डेटा शिकायचाय? मग आधी टेस्टिंगला बसा

एसईओत (साइट सर्चमध्ये वर आणण्याच्या कामात) नवीन आलेली बरीच मंडळी स्कीमाचा कोड, म्हणजे पेजवर काय आहे हे सर्च इंजिनला सांगणारा स्ट्रक्चर्ड डेटा, कुठून तरी उचलतात, पेजमध्ये चिकटवतात आणि गुगलच्या निकालात रेटिंगचे स्टार कधी दिसणार म्हणून वाट बघत बसतात. माझं म्हणणं उलटं आहे, सुरुवातीला कोड लिहूच नका, दुसऱ्यांची पेजेस टेस्ट करा. एखादी रेसिपी, एखादं प्रॉडक्ट पेज, एखादी बातमी घ्या आणि लिंक टेस्टिंगच्या टूलमध्ये टाका, कुठे कुठला टाइप (रेसिपी, प्रॉडक्ट असा प्रकार) लावलाय आणि त्यात काय काय भरलंय हे बघून बघूनच डोक्यात बसतं, नुसतं डॉक्युमेंटेशन वाचून झोप येते.

टूल दोन आहेत आणि नवीन माणूस इथेच गोंधळतो. स्कीमा मार्कअप व्हॅलिडेटर एवढंच बघतो की मार्कअप (म्हणजे हाच कोड) स्कीमा डॉट ऑर्गच्या नियमात बसतोय का (या टाइपांची नियमावली असलेलं हे स्कीमा डॉट ऑर्ग 2011 मध्ये गुगल, बिंग आणि याहूने मिळून सुरू केलं, म्हणजे ही काही एकट्या गुगलची मालमत्ता नाही). रिच रिझल्ट्स टेस्ट मात्र फक्त गुगलपुरतं सांगते, या पेजला रिच रिझल्ट (स्टार, किंमत असं जास्तीचं दाखवणारा निकाल) मिळू शकतो की नाही. 'सर्व्हिस' टाइप लावून बघा, व्हॅलिडेटरमध्ये सगळं ओके आणि रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये काहीच सापडत नाही, आणि तरी दोन्ही टूल बरोबरच असतात. आणि 'मिळू शकतो' म्हणजे 'मिळणारच' नव्हे, हे क्लायंटला पहिल्याच दिवशी सांगून टाका, नंतरची कटकट वाचते.

हा कोड लिहायचे फॉरमॅट तीन आहेत, मायक्रोडेटा, आरडीएफए आणि जेसन-एलडी. तुम्ही जेसन-एलडी धरा, गुगलही तेच सुचवतं, आणि एका स्क्रिप्ट टॅगमध्ये सगळं मावत असल्याने बाकीच्या एचटीएमएलला हात लावावा लागत नाही.

चुका बहुतेक वेळा फालतू असतात. कोड वर्ड फाइलमधून आला की सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात, डोळ्याला फरक कळत नाही पण पार्सर (कोड वाचणारा प्रोग्राम) तिथेच अडकतो आणि अख्खा ब्लॉक वाया जातो. शेवटच्या ओळीनंतर उरलेला स्वल्पविराम, तोही तसाच. किमतीत 1,299 लिहायचं नाही, चिन्हही नाही, नुसतं 1299, आणि चलनाचा तीन अक्षरी कोड वेगळ्या प्रॉपर्टीत. तारीख आयएसओ 8601 मध्ये, म्हणजे 2024-03-05 अशी. साइटची थीम एक प्रॉडक्ट मार्कअप टाकते आणि प्लगिन दुसरा, मग एकाच पेजवर दोन वेगळ्या किमती, हा प्रकार तर फार कॉमन आहे, म्हणून काही नवीन टाकायच्या आधी पेजवर आधीच काय आहे ते तपासा.

लाल एरर सोडवायचीच. वॉर्निंग मात्र डोकं लावून बघा, कारण प्रॉडक्टला रेटिंग नाही अशी वॉर्निंग घालवायला खोटं रेटिंग भरणारे लोक आहेत, आणि पेजवर न दिसणारी गोष्ट मार्कअपमध्ये घातली तर गुगल मॅन्युअल ॲक्शन (माणसाने तपासून केलेली कारवाई) घेऊ शकतं. तसं झालं की रिच रिझल्ट जातात. एक वॉर्निंग राहिली तर काही आभाळ कोसळत नाही.

जुने व्हिडिओ बघून शिकत असाल तर त्यांची तारीख बघा राव! एफएक्यू (प्रश्नोत्तरांचा) स्कीमा लावा आणि निकालात जास्त जागा मिळवा, हे अजून शिकवलं जातं, पण ऑगस्ट 2023 मध्येच गुगलने ते नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साइट्सपुरतं मर्यादित केलं आणि हाऊ-टूचा (पायरी-पायरीने कृती सांगणारा) रिच रिझल्ट तर त्याच वर्षी बंदच झाला.

पेज लाइव्ह झाल्यावर कोड चिकटवून नाही, लिंक देऊन टेस्ट करा, कारण मार्कअप जावास्क्रिप्टने येत असेल तर रेंडर झालेल्या (स्क्रिप्ट चालून तयार झालेल्या) एचटीएमएलमध्ये तो खरंच उतरलाय का हे तिथेच कळतं. मग सर्च कन्सोलचे (साइट मालकांसाठीच्या गुगलच्या टूलचे) रिपोर्ट बघा. दुरुस्ती करून 'व्हॅलिडेट फिक्स' दाबलं की लगेच हिरवं होत नाही, गुगल पेजेस परत क्रॉल करतं (येऊन वाचतं), तेवढे दिवस जातात आणि रोज दाबून ते लवकर होत नाही. तोवर एरर काय होती, कुठे होती, काय बदललं हे स्क्रीनशॉटसकट एका शीटमध्ये टाकून ठेवा, इंटरव्ह्यूत सर्टिफिकेटपेक्षा त्या शीटवरच जास्त प्रश्न येतात.