ज्याचा भरवसा नाही असा फोन घ्यायचाच असेल तर

मागच्या महिन्यात मावसभावाने तीन फोनचे फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ, दादा यातला कुठला घेऊ. एक कायओएस नावाच्या सिस्टिमवर चालणारा बटणवाला (हो, नावच तसंय, मराठीत वाचलं की प्रश्न विचारल्यासारखं वाटतं), एक जुना ब्लॅकबेरी ज्याचा कीबोर्ड बघून माझं पण मन जरा हललं, आणि एक सोनीचा एक्सपीरिया ज्यावर कुणीतरी अँड्रॉइड काढून सेलफिश ही वेगळी सिस्टिम टाकलेली आणि आता विकायला काढलेला. अँड्रॉइडचा कंटाळा आलाय, आयफोन परवडत नाही, हे त्याचं कारण. मग तासभर फोनवर जे बोललो तेच इथे टाकतोय, बाकी कुणाच्या डोक्यात असं खूळ असेल तर उपयोगी पडेल.

त्याचा पहिला प्रश्न, यातली कुठली कंपनी टिकेल. हा प्रश्न आधी सोडून द्या, याचं उत्तर त्या कंपनीत बसलेल्यांना पण माहीत नसतं. २०११ च्या सुरुवातीला नोकिया जगातली सगळ्यात मोठी मोबाईल कंपनी होती, आणि त्याच फेब्रुवारीत त्यांच्या साहेबाने, स्टीफन इलॉपने, मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी करून सिंबियन या स्वतःच्या फोन-सिस्टिमचा निकाल लावून टाकला. त्याच वर्षी एन-९ आला, मीगो या नव्या सिस्टिमवाला, काय देखणा फोन होता राव, पण बाजारात यायच्या आधीच कंपनीने ठरवलेलं की या रस्त्याने पुढे जायचं नाही. एचपीने तर १.२ अब्ज डॉलर मोजून पाम ही फोनवाली कंपनी विकत घेतली, तिच्या वेबओएस सिस्टिमवर टचपॅड नावाचा टॅबलेट काढला १ जुलै २०११ ला, आणि १८ ऑगस्टला दुकान बंद. दोन महिने पण धड नाहीत. म्हणजे कंपनी मोठी आहे, पैसेवाली आहे, जाहिराती जोरात चालल्यात, याच्यावरून काही म्हणजे काही कळत नाही.

विचारायचं ते हे, की उद्या कंपनीने हात वर केले तर माझ्या हातातल्या फोनमधलं काय काय चालू राहील? याचं उत्तर मात्र घरबसल्या काढता येतं.

प्लॅटफॉर्म, म्हणजे फोनची सिस्टिम आणि तिच्या भोवतीचा सगळा पसारा, एका दिवसात मरत नाही, त्याचा एक क्रम असतो. आधी बाहेरची अ‍ॅप्स जातात. सिंबियनवरचं व्हॉट्सअ‍ॅप ३० जून २०१७ ला गेलं, ब्लॅकबेरीचं त्याच वर्षी ३१ डिसेंबरला, विंडोज फोनचं ३१ डिसेंबर २०१९ ला. मग स्टोअर जातं, म्हणजे आहे ते अ‍ॅप चालतं पण एकदा फोन रिसेट केलात की परत टाकायला मिळत नाही. कायओएसवर हेच झालं, जिओफोनवर २०१८ मधे वाजतगाजत व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि २०२४ मधे स्टोअरमधून नवीन डाउनलोडच बंद. त्यानंतर ब्राउझर कुरकुरायला लागतो, एकेक साईट उघडेनाशी होते. कारण कुठल्या साईटच्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा याची यादी फोनमधे असते आणि ती अपडेटशिवाय ताजी होत नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक मोठं रूट सर्टिफिकेट संपलं तेव्हा कितीतरी चांगले धडधाकट जुने फोन एका रात्रीत अडाणी झाले. आणि सगळ्यात शेवटी जातात ते कंपनीचे स्वतःचे सर्व्हर.

इथेच प्लॅटफॉर्म-प्लॅटफॉर्ममधे जमीनअस्मानाचा फरक पडतो. ब्लॅकबेरीने ४ जानेवारी २०२२ ला आपल्या जुन्या फोनची सर्व्हिस बंद केली (त्यांचे अँड्रॉइडवाले सोडून) आणि सांगून टाकलं की यापुढे डेटाच काय, कॉल आणि एसएमएस पण भरवशाने चालतील असं धरू नका. आणि नोकियाचा जुना सिंबियन? त्याच्यात एअरटेलचं सिम घाला, अजून रिंग वाजते, कारण कॉल लावायला त्याला कुणाच्या सर्व्हरला विचारावं लागत नव्हतं. जो फोन आपल्या जिवावर जगतो तो मालक गेला तरी जगतो, जो सारखा हेड ऑफिसला विचारून काम करतो तो हेड ऑफिसबरोबरच जातो.

तर आता करायचं असं. एक कागद घ्या आणि मागच्या आठवड्यात तुम्ही फोनवर काय काय केलंत ते आठवून लिहा, फोनची जाहिरात बघून लिहू नका. मावसभावाची यादी अशी निघाली: कॉल, व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, लोकलचं टाइमटेबल, ऑफिसचा मेल, गाणी, आईचे रिपोर्टचे फोटो काढून डॉक्टरला पाठवणे. मग प्रत्येकापुढे लिहायचं, हे फोनमधल्या फोनमधे होतं, की कुठल्याही साध्या नेटवर्कवर होतं, की या प्लॅटफॉर्मसाठी कुणीतरी मुद्दाम अ‍ॅप बनवलं तरच होतं. गाणी पहिल्यात, कॉल दुसऱ्यात, मेल पण बहुतेक दुसऱ्यात. यूपीआय आणि व्हॉट्सअ‍ॅप तिसऱ्यात. तिसऱ्या खान्यात दोनच्या वर गोष्टी आल्या आणि त्यातली एक जरी रोज सकाळी उठल्यापासून लागणारी असली, तर तो फोन तुमचा एकुलता एक फोन होऊ शकत नाही, दुसरा म्हणून घ्या खुशाल.

यूपीआयचं जरा वेगळं सांगतो. बटणवाल्या फोनवर नेटशिवाय *९९# डायल करून पैसे पाठवता येतात, मार्च २०२२ पासून तशीच यूपीआय १२३पे ही सोय पण आहे, पण वडापाववाल्यासमोर उभं राहून मागे रांग लागलेली असताना ते करून बघा एकदा. सेलफिशवर अँड्रॉइडची अ‍ॅप्स चालवायची सोय आहे (पैसे भरून घेतलेल्या लायसनमधे) पण बँकांची अ‍ॅप्स फोन ओळखीचा नसला की रुसतात, म्हणून चालतं या शब्दावर जाऊ नका, तुमच्या स्वतःच्या बँकेचं अ‍ॅप विक्रेत्यासमोर टाकून लॉगिन होतंय का ते बघा.

नेटवर्कचं तर लोक विसरतातच. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, सगळं फोरजी आणि पुढचं, त्यामुळे ज्या फोनला व्होल्टे (फोरजीवरूनच कॉल करायची सोय) नाही त्याच्यावर जिओचा साधा कॉल लागत नाही. एअरटेलने पण थ्रीजी कधीच गुंडाळलं, म्हणजे थ्रीजीचा फोन आज टूजीवर येऊन पडतो, कॉल होतो पण नेट म्हणजे नुसतं गोल गोल फिरतं. आणि डब्यावर फोरजी लिहिलंय म्हणजे व्होल्टे असेलच असं नाही, जुन्या बऱ्याच फोनमधे फोरजी फक्त नेटपुरतं होतं. चेक करायची पद्धत एकदम सोपी, तुमचं सिम घाला, कॉल लावा, आणि कॉल चालू असताना वर कोपऱ्यात बघा. फोरजी तसंच राहिलं तर ठीक, कॉल लागताच टूजीवर उतरलं तर व्होल्टे नाही.

बॅटरीचं आता. प्लॅटफॉर्म बुडाला की सुटे भाग बनवणारे पण हात काढून घेतात, त्यामुळे ज्याची बॅटरी दुसऱ्या दहा फोनला पण लागते तोच फोन म्हातारपणी वाचतो. नोकियाच्या विंडोज फोनचं, लुमिया ५२० चं उदाहरण घ्या, त्याला बीएल-५जे बॅटरी लागायची, तीच नोकियाच्या जुन्या ५८०० ला, तीच ५२३० ला. म्हणजे विंडोज फोन संपला तरी बॅटरी मिळत राहिली. त्याच घरातला लुमिया ८०० मात्र सीलबंद, बॅटरी गेली की दोन हजाराचं काम. मी पुण्यात तपकीर गल्लीत अशाच एका जुन्या फोनची बॅटरी शोधत फिरलोय, चौथ्या दुकानातल्या माणसाने फोन हातात घेऊन उलटसुलट बघितला, पोराला हाक मारून दाखवला, अरे हे बघ, आणि परत माझ्या हातात दिला. बॅटरीबद्दल काही बोललाच नाही.

मराठी नीट दिसतं का आणि टाइप होतं का ते दुकानातच बघायचं. आता हसू येईल पण सिंबियनच्या काळात आपल्याला सगळीकडे चौकोन दिसायचे, मग ऑपेरा मिनी ब्राउझरच्या अ‍ॅड्रेस बारमधे ओपेरा कोलन कॉन्फिग टाकून सगळ्यात खालचा बिटमॅप फॉन्टवाला पर्याय येस करायचा, की मराठी पान चित्र होऊन यायचं. सकाळचा पेपर तसाच वाचलाय कित्येकांनी. आज छोट्या प्लॅटफॉर्मवर अक्षरं बहुतेक दिसतात, पण जोडाक्षरं फुटतात किंवा कीबोर्डमधे ळ शोधावा लागतो. विक्रेत्याला म्हणा एक मेसेज उघडा, आणि त्यात "ज्ञानेश्वर", "कृष्णा", "दऱ्या" लिहून बघा. दऱ्यातला ऱ्या नीट आला तर बाकीचं बहुतेक जमतं.

आता बाहेर पडायचा दरवाजा, जो मी स्वतः बघितला नव्हता. अशाच एका मावळत्या फोनवर (नाव घेत नाही) मी दोन-अडीच वर्षं काढली. आत्याने दिवाळीच्या फराळाची सगळी मापं मला व्हॉइस मेसेजने पाठवली होती, चकलीची भाजणी, शंकरपाळ्याचं मोहन, सगळं तिच्या आवाजात, मधेच कुकरची शिट्टी वगैरे. बॅकअप रोज रात्री व्हायचा, मी निर्धास्त. फोन बदलला तेव्हा कळलं की बॅकअप आहे पण नवीन प्लॅटफॉर्मला तो वाचताच येत नाही. आत्याला परत विचारलं तर म्हणे अरे अंदाजाने घाल की. त्यामुळे फोन घेतल्याच्या पहिल्याच दिवशी, तो आवडायच्या आत, तीन गोष्टी बाहेर काढून बघा: सगळे नंबर एका व्हीसीएफ फाईलमधे (दुसऱ्या फोनला पण वाचता येते ती) निघतात का, फोटो आणि ऑडिओ केबल लावून साध्या फोल्डरसारखे कॉपी होतात का, आणि मेसेज कुठल्याही स्वरूपात, अगदी साध्या टेक्स्टमधे का होईना, दुसरीकडे नेता येतात का. निघालेली फाईल दुसऱ्या फोनवर उघडून बघायची, नुसती निघाली म्हणून खूश व्हायचं नाही.

कंपनी पळायच्या बेतात आहे हे ओळखायची एक खूण मला पटलेली आहे. कंपनी काय बोलते तिकडे लक्ष देऊ नका, ती स्वतःचा चांगला माल कुणाच्या अंगणात आधी ठेवते ते बघा. मार्च २०१४ मधे मायक्रोसॉफ्टने आयपॅडला झकास ऑफिस दिलं, स्वतःच्या विंडोजवर बोटाने चालणारं तसं ऑफिस नंतर आलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत नोकियाने, एका हाताने लुमिया विकत असताना, नोकिया एक्स म्हणून अँड्रॉइडचा फोन काढला. नोव्हेंबर २०१५ मधे ब्लॅकबेरीचा प्रिव्ह आला, तो पण अँड्रॉइड. घरचा आचारीच बाहेरून डबा मागवायला लागला की आपण काय समजायचं. आणि पुढचं अपडेट तुम्हालाही मिळेल हे आश्वासन तर किमतीत धरूच नका. अमेरिकेत लुमिया ९०० एप्रिल २०१२ मधे विकायला आला आणि जूनमधे जाहीर झालं की विंडोज फोन ८ जुन्या फोनला मिळणार नाही, तोंडाला पाने पुसल्यासारखं ७.८ दिलं.

किमतीचा माझा हिशोब सरळ आहे. हा फोन बारा महिन्यांनी बंद पडणार असं धरायचं आणि किमतीला बाराने भागायचं, महिन्याला तेवढं भाडं द्यायला तयार असाल तर घ्या. टचपॅड बंद झाल्यावर ९९ डॉलरला उडवला तेव्हा लोकांनी रांगा लावून नेला, नंतर त्याच्यावर अँड्रॉइड चढवून वर्षानुवर्षं वापरला, तो सौदा फायद्याचाच होता. तोच आधी पूर्ण किमतीला घेणारा फसला. वस्तू एकच.

मग मावसभावाचं काय. जुना ब्लॅकबेरी मी पहिल्या दोन मिनिटात कापला, कीबोर्ड कितीही गोड असला तरी तो आता पेपरवेट आहे. कायओएसवाला फोन कॉल, एफएम, टॉर्च यासाठी उत्तम आणि हजार-दोन हजारात येतो, व्हॉट्सअ‍ॅप मिळेल ही आशा सोडून घेतला तर दुःख नाही. त्याला म्हटलं तुझ्यापेक्षा मामाला घेऊन दे. सेलफिशवाल्यात एक गोष्ट चांगली आहे, खाली यंत्र सोनीचं आहे, त्यामुळे उद्या कंटाळा आला किंवा कंपनी गेली तर परत अँड्रॉइड टाकता येतं. उबुंटू टच या सिस्टिमवाल्या फोनचं पण तसंच, आणि तिथे तर ती बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने २०१७ मधे हात झटकल्यावर यूबीपोर्ट्स या हौशी गटाच्या लोकांनी ते चालवत ठेवलंय. परतीचा रस्ता असलेला फोन निवडा, एवढं एक कळलं तरी पुष्कळ. कुणी हुआवेच्या स्वतःच्या हार्मनी सिस्टिमचा फोन दाखवला तर आधी तिची नेक्स्ट ही नवी आवृत्ती आहे का विचारा, नेक्स्टवर अँड्रॉइडची अ‍ॅप्स थेट चालत नाहीत, आणि आपल्या बँका काय त्यांच्यासाठी वेगळं अ‍ॅप बनवत बसणार नाहीत.

शेवटी त्याने सेलफिशवाला घेतला, साडेसहा हजार मागत होता, चार हजार आठशेला आणला, बाराने भागून चारशे रुपये महिना. सिम घालून कॉल लावला, फोरजी तसंच राहिलं. बँकेचं अ‍ॅप मात्र उघडलंच नाही, त्यामुळे जुना अँड्रॉइड यूपीआयसाठी बॅगेत असतो, आणि परवा स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत नेमका त्याचाच चार्ज संपला होता.