कामावर दुखापत झाल्यावर या चुका टाळा

नवी मुंबईतील महापे, रबाळे, तुर्भे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील कारखान्यात यंत्रात हात सापडला की पहिली धावपळ दवाखान्याची होते आणि ती तशीच व्हायला हवी. मात्र त्याच तासाभरात केसपेपरवर दुखापतीचे कारण म्हणून जे लिहिले जाते, त्यावर पुढच्या कित्येक महिन्यांचे पैसे अवलंबून असतात. माझ्या चुलतभावाची दोन बोटे रबाळ्यातील एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली चेंगरली. सोबत आलेल्या सुपरवायझरने खिडकीवर "घरी दारात बोटे अडकली" असे सांगितले, भाऊ वेदनेने गप्प राहिला आणि ती एक ओळ दुरुस्त करून घेण्यासाठी सहकाऱ्यांचे जबाब व हजेरीची नक्कल घेऊन आम्ही चार महिने खेटे घातले. म्हणून केसपेपर हातात येताच त्यावर कामावरील अपघात, यंत्र, तारीख आणि वेळ नोंदली आहे का, हे सोबतच्या माणसाने तिथेच वाचून पाहावे.

ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, या नोंदीची किंमत रुपयांत मोजता येते. कामावरील दुखापतीसाठी सरासरी दैनिक वेतनाच्या 90 टक्के रक्कम मिळते आणि डॉक्टर जोवर कामास असमर्थ ठरवत राहतील तोवर ती चालू राहते, फक्त अपघाताचा दिवस वगळून असमर्थता किमान 3 दिवसांची असावी लागते. तीच रजा साध्या आजारपणाची म्हणून नोंदली गेली, तर 70 टक्केच मिळतात, तेही वर्षाला 91 दिवसांपर्यंत. दैनिक वेतन 600 रुपये धरले, तर 60 दिवसांत 7,200 रुपयांचा फरक पडतो. शिवाय आजारपणाच्या लाभासाठी 78 दिवसांची वर्गणी (विम्यासाठी पगारामागे भरली जाणारी रक्कम) लागते, अपघातासाठी अशी कोणतीही अट नाही. त्यामुळे "अजून महिनाही भरला नाही, तुला काही मिळणार नाही" असे कोणी सांगितले तर ते मानू नये.

दुसरी चूक बहुतेक जण चांगल्या समजुतीने करतात. ऑफिसमधून "सध्या पगारी रजा टाक, पगार कापला जाणार नाही" असे सांगितले जाते आणि कामगार सही करतो. ज्या दिवशी पगारी रजेचे वेतन घेतले, त्या दिवसाचा अपघाताचा लाभ मिळत नाही, आणि वीस दिवस राबल्यावर एक या हिशेबाने साठलेली रजाही संपते. जखम भरण्यापूर्वी हलके काम देतो म्हणून बोलावून हजेरी लावून घेतली, तरी त्या दिवसाचा लाभ बुडतो. डॉक्टरांनी फिटनेस, म्हणजे कामावर परतण्यास योग्य असल्याचा दाखला, दिल्याशिवाय हजेरीवर सही करू नये.

अपघाताची माहिती मालकाला किंवा सुपरवायझरला तोंडी देणेही चालते, पण व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवून ठेवाव्यात, कारण शब्द फिरवले जातात. पुढे ईएसआय कार्यालयाकडे अपघाताचा अहवाल पाठवणे मालकाचे काम आहे. गंभीर दुखापतीत तो लगेच आणि एरवी 24 तासांत जायला हवा. अजूनही सर्वजण त्याला फॉर्म 12 म्हणतात. त्याची प्रत मागून घ्यावी. घरून कामावर येता-जाता रस्त्यावर झालेला अपघातही, नोकरीशी संबंध दाखवता आला तर, यात बसतो, हे ठाणे-बेलापूर रस्त्यावरून रोज दुचाकीने जाणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते.

ईएसआय लागू नसलेल्यांसाठी नुकसानभरपाईच्या तरतुदी आहेत. त्या 1923 च्या कायद्यातून आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. ठेकेदाराचा माणूस आहे म्हणून मूळ कंपनी हात झटकू शकत नाही. भरपाई तिच्याकडे मागता येते आणि ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकते. बोट कायमचे गेले असेल, तर रोख रक्कम देऊन "पुढे काही मागणी नाही" अशा कागदावर सही घेण्याची घाई केली जाते. अपंगत्वाची टक्केवारी ठरण्यापूर्वी अशी सही करू नये, कारण बोटाचे एक पेर गेले की अख्खे बोट, हे त्या टक्केवारीतच मोजले जाते आणि रक्कम तिच्यावरून निघते.